कबीर, गिटार आणि माझं परीक्षण

२००७ साली पुण्याच्या ‘अग्नी’ बँडचा पहिला अल्बम आला. नावही ‘अग्नी’च, काढला होता सोनी बीएमजीनं. एका साप्ताहिकानं परीक्षण मागितलं. तोवर मी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपाबाहेरचं फारसं लिहिलं नव्हतं, पण रॉक म्हणजे गोंगाट असं ठरवून बसण्याइतका आडमुठाही नव्हतो. सीडी लावली, वही घेतली आणि ‘साधो रे’पाशी अडलो.

पद कबीराचं. अवघं गावच मुडद्यांचं. पीर गेले, राजे गेले, रोग्यामागोमाग वैद्यही जाणार. आता माझ्या पिढीच्या पुणेकराला कबीर म्हटलं की कुमार गंधर्वच ऐकू येतात. क्षयामुळे ते देवासला राहिले, तिथे माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानात मुरली, नाथपंथी जोग्यांच्या गाण्यातून त्यांचं निर्गुणी भजन उभं राहिलं. म्हणजे ज्याची आम्ही मोजपट्टी केली होती, ते मुळात लोकांच्याच गळ्यातलं. हे मला पाठ होतं, व्याख्यानांत सांगायचोही! तरी ‘अग्नी’चा गायक के. मोहनच्या गाण्यात मी मींड शोधली, ठहराव शोधला आणि ‘आवाज सच्चा, विस्तार नाही’ असा शेरा मारून मोकळा झालो.

विस्तार होता. तो एकट्या गळ्यात नव्हता, इतकंच. बँडमध्ये पद वाटून घेतात: गायक ओळ ठेवतो, गिटारवादक कोको ती उचलतो, खाली बेस जमीन धरून असतो. तंबोरा पोकळी ठेवतो. बँड ती भरतो आणि मग मुद्दाम मोकळी करतो. तालाचंही तसंच. रॉकमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा ठोका पडतो. समेची वाट बघणाऱ्या कानाला ही चाल लंगडी वाटते. लंगडत माझा कान होता.

असे कान फक्त पुण्यातच नव्हते. १९६५ मध्ये अमेरिकेत ‘बर्ड्‌स’ या बँडनं बॉब डिलनचं गाणं विजेच्या गिटारीवर घेतलं, तेव्हा तिथल्या संगीत-पत्रकारांनी त्याला ‘फोक रॉक’ म्हटलं. त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुद्द डिलन तसली गिटार घेऊन आला आणि काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. आमच्या शास्त्रीय संगीताच्या वर्तुळात हुर्योसुद्धा नाही. ‘मुलं चांगली आहेत’ एवढंच. पुण्यात याहून वाईट शेरा नसतो.

मुलांचं काही अडलं नाही. एमटीव्हीच्या ‘रोडीज’नं ‘अग्नी’ची गाणी कॉलेजांत पोचवली. २०१० मध्ये ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला. आमचं मत कोणी मागितलं नव्हतं.

माझ्या परीक्षणाचं कात्रण परवा फाइलीत सापडलं. अर्धं पान मजकूर. रॉक बँडच्या त्या परीक्षणात ‘ड्रम’ हा शब्द एकदाही आलेला नाही.