आतला हात

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालेली एसटी शहराबाहेर पडली तशी दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं लागली. तुरी फुलावर होत्या. मध्येच एखाद्या शिवारात मळणीयंत्राची धूळ उडत होती. नाटकाचे प्रयोग थांबले होते, हाताशी चार मोकळे दिवस होते, आणि धाराशिव जिल्हा पायाखालून घालायचं बरेच दिवस मनात होतं. मी नट आहे. वाट्याला येतात त्या बहुतेक हसवणाऱ्या भूमिका. त्यामुळे एक प्रश्न सतत सोबत असतो: माणसं हसतात तेव्हा ती कोणाच्या जिवावर हसतात?

उत्तराची पहिली खेप बसमध्येच मिळाली. पुढच्या बाकावर नऊवारीतल्या एक आजी होत्या. कंडक्टरनं कार्ड मागितलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून फुकट आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

"कार्ड कशाला रं? ह्या सुरकुत्या काय बाजारातनं इकत आणल्यात का मी?"

"सुरकुत्यांवर सरकारचा शिक्का नसतोय, आजी."

अख्खी बस हसली, आजी सगळ्यांत मोठ्यानं. पण पिशवीत पिशवी, त्यात बटवा, बटव्याला गाठ. कार्ड काही सापडेना. त्यांचे हात थरथरू लागले. कंडक्टरच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, "तुळजापूर येईस्तोवर हुडका निवांत. बस कुटं पळून चालली?" आणि पुढच्या बाकाकडे वळला. बालाघाटाची चढण लागली तेव्हा कार्ड सापडलं, आणि त्यासोबत त्याच्या हातावर शेंगदाण्याचा एक लाडूही पडला.

मी त्या माणसाचं काम बघत राहिलो. वाक्य कुठं टाकायचं, कुठं थांबायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हशा शिक्क्यावर गेला, आजींवर नाही. आणि त्यांचे हात थरथरले त्या क्षणी त्यानं विनोद थांबवला. तालमीत महिनोन्महिने घासूनही हे भान अनेकांना येत नाही.

तुळजापुरात देवीचं दर्शन घ्यायला खाली उतरावं लागतं. महाद्वारातून पायऱ्या सुरू होतात, वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा. नवरात्राची गर्दी ओसरली होती, तरी कवड्यांच्या माळा, परड्या आणि हळदीकुंकवाच्या राशींनी रस्ता भरलेला होता. इथली मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात: शारदीय नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्यानंतरच्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी लढून देवी दमली, तिला विश्रांती हवी. जिच्यापुढे राजे झुकले, तीही दमते हे इथल्या माणसांनी ओळखलं आणि तिच्यासाठी पलंगाची सोय केली. दुसऱ्याचा शीण कल्पनेनं जाणायचा आणि मग हातानं काहीतरी करायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते. नटाला भूमिका उभी करताना आधी नेमकं हेच करावं लागतं.

रात्री एका धर्मशाळेच्या अंगणात नव्या जोडप्याचा गोंधळ होता. दिवटी पेटली, संबळावर काठी पडली, तुणतुणं लागलं. गोंधळ्यांच्या नाईकानं गावोगावच्या देवतांना यायचं आवतण दिलं. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, कोणी सुटलं नाही. मग आख्यान सुरू झालं. त्यांच्याकडे लिहिलेली संहिता नव्हती. साथीदार मध्येच काहीबाही विचारायचा, नाईक त्याला उत्तर देता देता कथा पुढे सरकवायचा. मध्यरात्र उलटली, पेंगणाऱ्यांच्या माना खाली गेल्या, तेव्हा नाईकानं खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं आणि तो सासू झाला. सुनेला पहिल्याच दिवशी सांगायच्या कामांची यादी त्यानं म्हणायला घेतली. यादी संपेचना. चूल, पाणी, धार, शेण, भाकरी, पुन्हा चूल. खरी सासू पदर तोंडाला लावून हसत होती. सकाळपासून मान खाली घालून बसलेल्या नवरीनं पहिल्यांदा मान वर केली आणि तिलाही हसू फुटलं. यादीच्या शेवटी या सासूनं आवाज खाली आणला आणि विचारलं, "आन् तू जेवलीस का गं?"

अंगण क्षणभर थांबलं, आणि मग टाळ्या पडल्या.

पहाटे चहा घेताना मी नाईकांना म्हणालो, "मामा, शेवटचं वाक्य बसवलेलं होतं का?"

"बसवायचं काय त्यात? पोरगी दुपारपासनं उपाशी दिसत हुती," ते म्हणाले. "जागर रातभराचा असतोय. हसवल्याबिगर कथा कानात उतरत न्हाई. पर हसवायचं कुणाला, ते आदी बगावं लागतंय."

सुचणं म्हणतात ते कुठून येतं, याचं इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही शिबिरात मिळालेलं नाही. ते समोरच्या माणसाकडे नीट बघण्यातून येतं.

तुळजापूरहून धाराशिव जवळच आहे. बसस्थानकाबाहेर पडलो की इथल्या गुलाबजामची आठवण कोणीतरी करून देतंच. भूम-वाशी भागात खव्याचा धंदा मोठा, त्यामुळे खवा अस्सल. गरम पाकातला गुलाबजाम समोर आला आणि शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त मास्तरांनी चौकशी केली. नट आहे म्हटल्यावर ते उठून माझ्या टेबलावर आले. एप्रिल 2017 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन त्यांच्या शहरात भरलं होतं, तेव्हा शहराचं सरकारी नाव उस्मानाबाद होतं. अध्यक्ष होते जयंत सावरकर. मास्तर त्या दिवसांबद्दल घरातल्या लग्नासारखं बोलत होते.

सावरकरांचं नाव निघालं आणि मला बरं वाटलं. गुहागरचा हा मुलगा मुंबईत आला, पडद्यामागची पडेल ती कामं करत रंगभूमीवर उभा राहिला आणि सहा दशकांहून अधिक काळ टिकला. शंभराहून जास्त नाटकं त्यांनी केली, पण नायकाच्या शेजारी उभं राहण्यातच बहुतेक आयुष्य गेलं. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'मी एक छोटा माणूस'. 2023 च्या जुलैमध्ये ते गेले. छोट्या भूमिकेतला विनोद मोठ्या भूमिकेला उचलून धरतो, तिच्यावर कुरघोडी करत नाही. हे त्यांच्याकडून शिकावं. रंगमंचावरही चांगुलपणा असतो, आणि तो सहकलाकाराला त्याचा हशा पुरता मिळू देण्यात असतो.

मास्तर मग दुष्काळाकडे वळले. 2015 चं साल. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या. त्या वर्षी नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यात त्या घरांमध्ये जाऊन बसले. विधवांच्या हातात पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले आणि सप्टेंबरात 'नाम' ही संस्था उभी केली. पुढे ओढे-नाले खोल करायची कामं निघाली. "मकरंद आपल्याकडचा," मास्तर म्हणाले. "त्याची बोली आमची. सिनेमात ती ऐकून हसायचो. दारात येऊन त्याच बोलीत तो विचारपूस करायला लागला, तवा बायका मोकळ्या बोलल्या."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मराठवाडी बोली पडद्यावर बराच काळ अडाणी माणसाची खूण म्हणून यायची. अनासपुरेंनी ती हुशार, चिवट, आपल्या बाजूच्या माणसाची केली. त्या बोलीवर त्यांनी लोकांना हसवलं, पण तिला खाली पाडलं नाही. म्हणूनच दुःखाच्या घरात ती चालली.

शेवटचा मुक्काम तेर. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. इथला माल भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून समुद्रापार. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या आहेत. कोणाचे कान मोठ्या कुंडलांनी ओघळलेले, कोणाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू. बोटभर मातीत चेहरा आणणारे ते हात कोणाचे, त्याची नोंद कुठेच नाही. हसू मात्र टिकलं आहे.

याच गावात पुढे संत गोरोबाकाका कुंभार झाले. त्यांच्या समाधिमंदिराच्या ओट्यावर एका वारकरी आजोबांनी परीक्षेची कथा रंगवून सांगितली. संत जमले होते. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग आमचीही मडकी तपासा, ती म्हणाली. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कुरकुरले, आणि तेच कच्चे ठरले. आजोबा प्रत्येक संताच्या जागी स्वतःची टोपी सरळ करत होते. ऐकणारे हसून बेजार.

दुसरी कथा त्यांनी सावकाश सांगितली. माती तुडवताना गोरोबा नामात इतके रंगले की रांगत आलेलं त्यांचं मूल पायाखाली आलं. विठ्ठलानं ते परत दिलं, असं कथा म्हणते. मला ती कथा प्रत्येक कलावंतासाठी वाटते. हशावर हशा येऊ लागला की नटालाही तंद्री लागते. तेव्हा पायाखाली कोण आलं, हे बघणारा डोळा उघडा ठेवावाच लागतो.

मागच्या गल्लीत एका कुंभारकाकांच्या अंगणात ओली मडकी घडवणं चाललं होतं. उजव्या हातातलं थापटणं बाहेरून पडत होतं, डावा हात आतून गोळा धरून होता. "आतला हात काढला तर?" मी विचारलं. "मंग खापऱ्या," ते म्हणाले. विनोदाचंही तसंच आहे. बाहेरून टोला बसतो तेव्हा आतून आधार असेल, तरच माणूस घडतो.

एवढ्यात शाळा सुटून पोरं जमली. नट आहे म्हटल्यावर खेळ दाखवा म्हणून मागे लागली. कुंभाराच्या अंगणात दुसरं काय सुचणार? 'गाढवाचं लग्न' या वगातला सावळ्या कुंभार मी उभा केला. दादू इंदुरीकरांनी तो गाजवला, प्रकाश इनामदारांनी पुढे नेला, 2007 च्या सिनेमात अनासपुरेंनी केला. सावळ्याला गाढव हवं. पोरांनी एका बुजऱ्या मुलाला पुढे ढकललं. "हाच गाढव! हाच गाढव!" तो रडायच्या बेतात.

मग सावळ्या त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला. "महाराज, पाणी घेता? आज ओझं मी वाहतो, तुम्ही वाट दाखवा." मी खरोखरच कुंभारकाकांची रिकामी पाटी डोक्यावर घेतली. मुलगा बिचकत चार पावलं चालला. मी मागे. तो थांबला, मीही थांबलो. तो गर्रकन वळला, मीही वळलो, पाटी पडता पडता वाचली. हशा उसळला, पण आता तो सावळ्यावर होता. मुलाला आपल्या हातातली सत्ता कळली. त्यानं मला अंगणभर फिरवलं. शेवटी मी जाहीर केलं, हे गाढव म्हणजे शाप मिळालेला गंधर्व आहे. वगात तसंच आहे. त्यानं दोन्ही हात पसरले आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आता प्रत्येकालाच गाढव व्हायचं होतं. मघाशी ज्यांनी त्याला ढकललं तीच पोरं आधी आपला नंबर लागावा म्हणून भांडू लागली. तो बुजरा मुलगा मधे उभा राहून एकेकाचे हात डोक्यावर नीट बसवत होता आणि बजावत होता, "कान असे न्हाई, असे हलवायचे. आन् वळायचं अचानक."