गाठ दिसली, पुढे?

बीड जिल्ह्यात सोनोग्राफीचं मशीन घेऊन बसायचं म्हणजे आधी त्या मशीनची बदनामी पदरात घ्यायची. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली, हा आकडा आमच्या जिल्ह्याचा. महाराष्ट्रातला सगळ्यात खालचा. भिंतीवरची 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, नोंदणी, तपासणीला येणारी पथकं हे सगळं त्यामुळे आमच्या रोजच्या कामाचाच भाग. गळा बघायचा असला तरी मशीन तेच. बाई टेबलावर चढते ती सवयीनं पोटावरचा पदर बाजूला सारत. "पोट नाही मावशी, गळा," म्हटलं की क्षणभर तिला कळतच नाही.

खांद्याखाली उशी, मान मागे. मग डोरल्याचा प्रश्न येतो. "काढावं लागंल का?" हे विचारताना आवाज पडतो. काढायची काही गरज नसते, खाली सारून मुठीत धरलं तरी चालतं. पण हे तिनं विचारायच्या आधीच आपण सांगावं. गळ्यासाठीचा प्रोब सरळ, चपटा, जास्त फ्रिक्वेन्सीचा. तो खोलवरचं दाखवत नाही, पण कातडीखालचं दोन-तीन सेंटिमीटर बारकाईनं दाखवतो, आणि थायरॉईड तेवढ्यातच असते. मग म्हणायचं, "आवंढा गिळा." ग्रंथी वर सरकते आणि छातीच्या हाडामागे दडलेलं तिचं खालचं टोक दिसतं.

माझ्याकडे येणाऱ्या दोन तऱ्हेच्या. एकीला गाठ हाताला लागलेली असते. दुसरीला नुसता 'थायरॉईड' असतो, म्हणजे टीएसएच वाढलेला आणि सकाळी उपाशीपोटी एक गोळी. हाताला काही लागत नसेल तर या दुसरीला सोनोग्राफीची सहसा गरजच नसते. तरी चिठ्ठी येते. आणि एकदा प्रोब ठेवला की काहीतरी दिसतंच. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचे गळे शोधायच्या इराद्यानं बघितले तर निम्म्याजणींच्या ग्रंथीत बारीकसारीक गाठी सापडतील. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. ज्या थोड्या कॅन्सरच्या, त्यांत सर्वात जास्त आढळणारा पॅपिलरी हा प्रकार बहुतेक वेळा इतका सावकाश वाढतो, की लहानशी गाठ माणसाच्या आयुष्यभर तशीच पडून राहू शकते.

दक्षिण कोरियानं हे सगळ्या देशावर करून पाहिलं. तिथे १९९९मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईड तिच्या यादीत नव्हती, पण दवाखान्यांनी थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून दिली. २०११ साली थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३च्या पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या, जन्माची गोळी मागे लागली, काहींचा आवाज बसला, काहींचं कॅल्शियम कायमचं घसरलं. २०१४मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे 'थांबा' म्हटलं, तेव्हा वर्षभरात शस्त्रक्रिया तिसऱ्या हिश्श्यानं घटल्या.

हे वाचताना मला सोल नाही, वडवणी-धारूर दिसतं. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कितीतरी जणींच्या तोंडी एकच हकीकत होती: पोट दुखतंय म्हणून गेले, सोनोग्राफी झाली, 'ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगितलं. कॅन्सर हा शब्द आमच्याकडे एवढं करू शकतो. म्हणून 'कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य रिपोर्टमध्ये सरसकट टाकणाऱ्यांचा मला राग येतो. ते लिहिणाऱ्याला सांभाळतं. त्याची किंमत बाई मजुरीची उचल घेऊन भरते.

तर मग लिहायचं काय? २०१७मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं बसवलेली टायरॅड्स ही गुणपद्धत मी वापरते. गाठ घन की पाण्याची, रंगानं किती काळी, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा कशा आहेत, आत पांढरे ठिपके आहेत का, अशा पाच गोष्टींना गुण. अनारशासारखी जाळीदार गाठ दिसली की शून्य गुण. तिथे पेशी तपासायची सुईसुद्धा लावायची नाही, मग ती तीन सेंटिमीटरची का असेना. सौम्य संशयाची असेल तर अडीच सेंटिमीटरपासून सुई, मध्यम संशयाची दीडपासून, आणि सात किंवा जास्त गुणांची एक सेंटिमीटरपासून.

ठिपक्यांवर मात्र मी वेळ घालवते. टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, मागे सावली नाही, शेपूट नाही, तर तो पॅपिलरीतल्या चुन्याच्या कणांचा असू शकतो. त्याला तीन गुण. तसाच ठिपका, पण मागे निमुळती चमकदार शेपूट, तर तो ग्रंथीतल्याच साचलेल्या द्रवाचा, कोलॉइडचा, शून्य गुण. प्रोब किंचित कलता केला, फोकस वरखाली केला की शेपूट उमटते किंवा उमटत नाही. घाईच्या बाजारच्या दिवशी बाहेर वीस जण बसलेले असतात, तेव्हा हे दोन ठिपके सहज एकसारखे दिसतात.

उलट बाजूही आहे. मानेच्या बाजूला गाठ घेऊन एखादी किरकोळ अंगाची मुलगी येते. घरच्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी गंडमाळ, म्हणजे टीबी, धरलेलाच असतो. आमच्या भागात ते बहुतेकदा खरंही ठरतं. पण त्या लसिकाग्रंथीत पाणी किंवा पांढरे ठिपके दिसले, तर प्रोब सरळ थायरॉईडवर न्यायचा. पॅपिलरी कॅन्सर पुष्कळदा आधी असा शेजारी जाऊन दिसतो. म्हणून चिठ्ठीवर फक्त 'मानेतील गाठ' असलं तरी मी थायरॉईड बघितल्याशिवाय जेल पुसत नाही.

सुईचं काम आमच्या अंबाजोगाईतच होतं. इथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकातलं. पडद्यावर सुईचं टोक गाठीत शिरताना बघत पेशी ओढायच्या आणि काचपट्टी पॅथॉलॉजीकडे द्यायची. या सुईचीही मर्यादा आहे. फॉलिक्युलर प्रकारात गाठ साधी की कॅन्सरची हे आवरण फुटलंय का यावर ठरतं, आणि ते पेशींत दिसत नाही, माझ्या पडद्यावरही खात्रीनं दिसत नाही. काढलेली गाठ चिरूनच कळतं. टीएसएच कमी असेल तर सुईच्या आधी आयसोटोप स्कॅन, कारण स्वतःच हार्मोन तयार करणारी 'हॉट' गाठ क्वचितच कॅन्सरची असते. सीटीचा मोह फार जणांना. पण त्यातल्या रंगद्रव्यात आयोडीन असतं. ते ग्रंथीच्या पेशी पिऊन बसल्या की पुढची किरणोत्सर्गी आयोडीनची ट्रीटमेंट महिना-दोन महिने लांबते. गाठ छातीत उतरली असेल किंवा श्वासनलिका दाबत असेल, तर सीटी जरूर करावा. नुसतं 'बघून घ्या' म्हणून नाही.

उरतो पुढच्या तपासणीचा प्रश्न. पुस्तक म्हणतं, वर्षानं. दिवाळीत बघितलेल्या बाईला 'पुढच्या दिवाळीला या' म्हणणं फुकट; तेव्हा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलेला असतो, आणि एका खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसाचे, पैसे कापले जातात. म्हणून मी गुढीपाडवा धरते. रिपोर्ट इंग्रजीत, पण खाली मराठीत दोन ओळी: गाठ कुठल्या बाजूला, सुई लागते की नाही, कधी यायचं. आणि तिन्ही दिशांची मापं मिलिमीटरमध्ये. गाठ वाढली असं म्हणायला निदान दोन दिशांत वीस टक्के, आणि तेही किमान दोन मिलिमीटर, वाढ लागते. त्याहून कमी फरक हाताच्या दाबानंही पडतो.

"मग कारखान्यावर जाऊ का?"

"जा. हा कागद मात्र पेटीत ठेवा. तिकडं कुणी परत सोनोग्राफी केली, तर आधी हा दाखवायचा."