एकोणतिसावा चाँद

इशाची नमाज झाली की आम्ही मशिदीसमोर, टेलरचाचांच्या दुकानाच्या ओट्यावर बसतो. गेली पंचवीस-तीस वर्षे बसतो आहोत. ओट्यावर सहा माणसे मावतात, सातवा आला की कुणाला तरी पायरीवर बसावे लागते. पलीकडच्या हॉटेलातून चहा येतो, दोनात तीन. आमच्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आहेत, एक बेकरीवाले, एक बागवान, एस.टी.तले एक माजी कंडक्टर, कोकणातून इथे येऊन स्थायिक झालेले मेडिकलवाले, आणि ओट्याचे मालक टेलरचाचा. नावे सांगत नाही. गाव लहान आहे.

आम्ही तिथे काय करतो? भांडतो. खरे तर भांडण हा शब्द मोठा झाला. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने खोडायचे. बिर्याणीत बटाटा असावा की नसावा, यावर आमच्याकडे एक पूर्ण हिवाळा गेला आहे. पोरांना उर्दू शाळेत घालावे की मराठी, हा वाद तर कधी संपलाच नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे 1 कोटी 30 लाख आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे 75 लाख, हे आकडे मास्तरांनी एकदा कागदावर लिहून आणले. "मग उरलेले कोण? ते आपणच," असे त्यांचे म्हणणे. चाचा म्हणाले, "हम घर में जो बोलते, उसकू ना उर्दूवाले उर्दू बोलते, ना मराठीवाले मराठी." त्यावर सगळे हसले आणि तो विषय त्या रात्रीपुरता मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाला.

मास्तर आणि चाचा हे आमच्या ओट्याचे दोन खांब. घराला घर लागून, मधे एकच भिंत. एकाने पूर्व म्हटले की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचे, हे ठरलेले. त्या दोघांसाठीच आम्ही येत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ही गोष्ट रमजान भर पावसाळ्यात येत होता त्या वर्षांतली, 2010 नंतरची. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सगळे ऋतू फिरून साधारण तेहतीस वर्षांनी जागेवर येतो. (2030 मध्ये तर तो एकाच वर्षात दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरात. त्यावरही आमच्यात वाद होईलच, आयुष्य असेल तर.) त्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला आभाळ असे गच्च होते की चाँद सोडा, समोरचा मिनारही धड दिसत नव्हता.

मगरीबनंतर आम्ही ओट्यावर जमलो. मास्तर घरून कालनिर्णय घेऊनच आले होते. म्हणाले, "अमावास्या आज दुपारी सव्वादोनला संपली. सूर्य मावळताना चंद्राचे वय पाच तासही नाही. पंधरा तासांच्या आतला चंद्र साध्या डोळ्यांना दिसणे जवळजवळ अशक्य. आभाळ निरभ्र असते तरी तो दिसला नसता. उद्या तिसावा रोजा."

चाचा मशीन बंद करून बाहेर आले. "मास्तर, चाँद देखने का हुक्म है, कालनिर्णय देखने का नै."

"अहो, पण न दिसणारा चंद्र कुणी पाहिला म्हणाला तर?"

"दो मुसलमान गवाही देंगे तो मैं कौन झूट बोलनेवाला?"

असे चालले होते आणि आम्हाला मजा येत होती. मेडिकलवाले शाफई, कोकणातले. त्यांनी कुरैब यांची हदीस सांगितली. कुरैब शामहून मदिनेला आले, तिकडे चाँद एक दिवस आधी दिसला होता असे म्हणाले. पण इब्ने अब्बास यांनी मदिनेत दिसलेल्या चाँदावरूनच महिना मोजला. म्हणजे हा मतभेद आमच्या ओट्यापेक्षा तेराशे-चौदाशे वर्षांनी जुना. शाफई प्रत्येक प्रदेशाचे क्षितिज वेगळे मानतात. जुने हनफी आलिम एका ठिकाणचा चाँद दुसरीकडेही धरतात. आजही केरळमध्ये ईद पुष्कळदा आपल्या आधी होते, बोहरा समाज ठरलेल्या कॅलेंडरने चालतो, आणि अमेरिकेतल्या फिक्ह कौन्सिलने 2006 मध्ये गणित स्वीकारले. यातले कुणी इस्लामबाहेर गेले असे आम्ही ऐकलेले नाही.

आमच्या मशिदीत तरावीह सुरू झाली. रात्री साडेदहाला नव्या वस्तीतल्या मशिदीवरून एलान झाला: बाहेरगावहून शहादत आली आहे, उद्या ईद. आमच्या इमामसाहेबांना ती पुरेशी वाटली नाही. चाचांचे भाऊ नव्या वस्तीत राहतात, तेव्हा चाचांनी ईद धरली. मास्तरांनी रोजा धरला. गावात दोन ईदा झाल्या.

सकाळी रिवाजाप्रमाणे चाचांचा नातू शिरखुर्म्याचा डबा घेऊन मास्तरांकडे गेला. पाच मिनिटांत डबा तसाच परत आला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सगळ्यांना ठाऊक झाले की मास्तरांच्या घरून निरोप आला, "रोजा तोडनेवालों का शिरखुर्मा हमारे घर नक्को." आणि मास्तरांकडे पोचले ते असे, की चाचा म्हणाले, "मास्तर का रोजा हराम हो गया."

त्या दोघांनी बोलणे टाकले. आम्हीही दोन झालो. तिघे मास्तरांच्या बाजूला सरकले, दोघे चाचांच्या. ओटा तोच, पण मधे एक माणूस बसेल इतकी जागा रिकामी राहू लागली. कालनिर्णयाची आणि हदीसची गोष्ट बाजूलाच पडली. कोण किती दीनदार, कुणाच्या पोराने कुठल्या लग्नात काय केले, इथवर मजल गेली. चाँदचा त्यात काही संबंध नव्हता. चार महिन्यांनी मास्तरांना पँट आखूड करून घ्यायची होती आणि गावात दुसरा बरा टेलर नाही, म्हणून बोलणे सुरू झाले. आम्ही म्हटले, मिटले.

खरे काय झाले ते आम्हाला तीन वर्षांनी कळले, तेही आमच्या बायकांकडून, एका लग्नात. मास्तरांच्या बेगम नातवाला एवढेच म्हणाल्या होत्या, "बेटा, आज हमारा रोजा है, दादी कू बोल कल भेजना." आणि दादीने दुसऱ्या दिवशी भेजला होता. मागच्या भिंतीवरून डबा गेला, रिकामा परत आला नाही, त्यात मास्तरांकडचा शिरखुर्मा आला. चार महिने दोघांचे नवरे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते आणि भिंतीवरून डबे चालू होते. त्यांच्यातही एकमत नव्हते बरे का. चाचांच्या घरात ईदच्या दिवशी त्यांच्या सूनबाई गुपचूप रोज्याने होत्या.

चाचा काय म्हणाले होते? "ईद के दिन रोजा हराम है." हा मसला आहे, कुठल्याही मकतबातले पोर सांगेल. त्यात मास्तरांचे नाव नव्हते. ते कुणीतरी घातले. कुणी? कंडक्टर म्हणतात बागवानांनी, बागवान म्हणतात बेकरीवाल्यांनी. आम्ही ओट्यावर बसून फार आठवले, पण एवढे खरे की मास्तरांच्या दारापर्यंत जायला ते वाक्य आमच्यातल्या कुणाच्या तरी तोंडून गेले, आणि डब्याचे वाक्यही. आणि ऐकताना आमच्यातल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही की हे खरेच असे म्हणाले का. वाक्य चविष्ट होते.

आम्ही दोघांना सांगितले. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "जाऊ द्या." चाचा म्हणाले, "पुरानी बात." दोघेही आज रोज येतात, शेजारी बसतात. फक्त आता एकमेकांचे खोडत नाहीत. मास्तर काही म्हणाले की चाचा म्हणतात, "बरोबर है." चाचा म्हणाले की मास्तर मान हलवतात. बिर्याणीत बटाटा घाला, नका घालू, सगळे बरोबर. साडेनऊलाच आम्ही उठतो. पूर्वी अकरा वाजायचे.

गेल्या रमजानच्या एकोणतिसाव्याला आम्ही मगरीबनंतर जमलो. बागवानांनी मुद्दाम विचारले, "मास्तर, तुमचा हिशेब काय म्हणतो?"

मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात कालनिर्णयाचे घडी घातलेले पान होते; वरून दिसत होते. ते म्हणाले, "इमामसाहेब सांगतील ते."

आम्ही चाचांकडे पाहिले. त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो गेला नाही. "बरोबर है," ते म्हणाले, आणि दोरा पुन्हा ओला केला.