चार लोकांसमोर

जून महिन्यातल्या एका रात्री नोएडातल्या एका छोट्या कार्यालयातला एअरकंडिशनर बंद पडला. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पण थंड हवेचे यंत्र काही पुन्हा चालू झाले नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात रात्री अकरा वाजताही भिंतींना हात लावला तर गरम लागतात. बंद खोलीतले संगणक तापत गेले आणि एकच्या सुमारास आपोआप थांबले. त्यातल्या एकाची डिस्क कायमची गेली.

कार्यालयाचे मालक चाळिशीतले मराठी गृहस्थ. राहणे पटपडगंजच्या एका सहकारी सोसायटीत. घरात आई, बाबा, पत्नी आणि दोन मुले. त्यांचा धंदा समजायला कठीण नाही. दुकानदार जसा गाळा भाड्याने घेतो, तशी हे आपल्या संगणकांवरची जागा वेबसाइट आणि ई-मेलसाठी भाड्याने देतात. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हे शाळेत होते. आज त्यांचे दोनशेच्या आसपास ग्राहक आहेत. त्यात लाजपतनगरचे साडीवाले आहेत, ओखल्याचे निर्यातदार आहेत, लक्ष्मीनगरचे एक वयस्क सीए आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत, दंतवैद्य आहेत.

त्या रात्रीनंतर काम पूर्ववत व्हायला एकोणीस तास लागले. फोन सारखे खणखणत होते. प्रत्येकाला सांगितले गेले, ‘तासाभरात होईल.’ कुणाला कारण सांगितले लाइनचे, कुणाला डिस्कचे. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. रोजच्या कामाची जादा प्रत रात्री दोन वाजता काढली जाई आणि यंत्रे एकलाच थांबली होती. त्यामुळे ज्यांनी त्या दिवसाची पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेतली नव्हती, त्यांची ती गेली होती.

सारे आठ दिवसांत निवळले असते. पण साडीवाले आणि निर्यातदार दोघेही त्या सीएंकडे कर भरायला येत, आणि एका दुपारी दोघे एकाच बाकावर बसले. बोलता बोलता कळले, की दोघांना दोन वेगळी कारणे सांगितली गेली आहेत. शिवाय साडीवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून त्यांना महिन्याचे भाडे माफ झाले होते, आणि निर्यातदार सभ्यपणे बोलले म्हणून त्यांना काहीच मिळाले नव्हते.

संध्याकाळी सीएंचा फोन आला. म्हणाले, “बेटा, प्रत्येकाला वेगळे सांगत बसू नकोस. सगळ्यांना एका संध्याकाळी बोलव आणि एकदाच काय ते सांग. दर दोन-तीन महिन्यांनी असेच बोलावत जा.”

भागीदाराला हे मुळीच पटले नाही. “ज्याची तक्रार त्याच्यापुरती मिटवावी. एकाची तक्रार दुसऱ्याच्या कानी गेली की एकाचे दुखणे दोनशेंना लागते. आपण होऊन त्यांना एकत्र का आणायचे?”

रात्री जेवणे झाल्यावर चिरंजीवांनी हा प्रश्न बाबांपुढे ठेवला. बाबा एका सरकारी बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याहून बदली होऊन दिल्लीत आले ते इथलेच झाले.

“बाबा, तुम्ही असता तर काय केले असते?”

बाबा थोडे हसले. “अरे, मी असता तर काय म्हणतोस? आम्हाला तर हे करावेच लागले.”

बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करण्यासाठी १९७५ मध्ये तलवार समिती आणि १९९० मध्ये गोईपोरिया समिती नेमली गेली. पुढे प्रत्येक शाखेत ग्राहक सेवा समिती असावी, महिन्यातून एकदा ग्राहकांसोबत बसावे, त्यात ज्येष्ठ नागरिक असावेत, अशी पद्धत रिझर्व्ह बँकेने घालून दिली.

“आमच्या शाखेची पहिली बैठक मला अजून आठवते,” बाबा सांगू लागले. “एक पेन्शनर उठले आणि म्हणाले, पहिल्या तारखेला एकच खिडकी उघडी असते, आम्ही उभे राहून राहून थकतो. मला वाटले, धरणी दुभंगावी. मी काही सारवासारव करणार, तेवढ्यात दुसरे खातेदार म्हणाले, आपल्यापैकी निम्मे लोक तीन तारखेला आलो तर? मला जे सुचले नव्हते ते त्यांना सुचले. दुसऱ्या महिन्यापासून मी दुसरी खिडकी उघडली आणि तेही दिवस वाटून येऊ लागले.”

“म्हणजे बोलवावे?”

“थांब, पुढचे ऐक. माझी बदली झाली. नंतरच्या साहेबांनी बैठक बंद केली नाही, पण बोलवायचे कुणाला, तर जे गोड बोलतील त्यांना. चहा, सामोसे, ‘सब ठीक है’, सह्या आणि संपले. लोकांच्या ते लक्षात येते, बरे का. वर्षभरात तक्रारी थेट मुख्य कार्यालयात जाऊ लागल्या. खोटी बैठक घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.”

आई आतापर्यंत शेंगा सोलत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पण भागीदार म्हणतो तेही खोटे नाही. लोक एकत्र आले की पुढे कुठवर जातील ते आपल्या हाती राहत नाही. भागीदारीचे काय झाले, विसरलात का?”

दिल्लीकरांना ती गोष्ट ठाऊक आहे. शीला दीक्षित मुख्यमंत्री असताना २००० मध्ये ‘भागीदारी’ योजना सुरू झाली. वसाहतींच्या रहिवासी संघटना, बाजारांचे व्यापारी आणि पाणी, पोलीस, महापालिका अशा खात्यांचे अधिकारी यांना कार्यशाळांत एका टेबलाशी बसवायचे, अशी ती कल्पना. सोसायटीच्या वतीने आईही एका कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. शेजारच्या वसाहतीतल्या बायकांची ओळख तिथेच झाली, कारण पाण्याचे रडगाणे सगळ्यांचे सारखेच होते.

पुढे १ जुलै २००२ रोजी दिल्लीतले वीज वितरण खासगी कंपन्यांकडे गेले. २००५ मध्ये घरगुती विजेचे दर दहा टक्क्यांनी वाढले, आणि संघटनांची जी ओळख सरकारने स्वतः घडवली होती तीच आता कामी आली. वसाहतीवसाहतींचे लोक एकत्र आले, वाढीव रक्कम भरायला नकार दिला गेला, आणि अखेर घरगुती ग्राहकांवरची ती वाढ मागे घ्यावी लागली.

“पाहा,” आई म्हणाल्या, “ज्यांनी बोलावले, त्यांनाच जाब विचारला.”

“खरे आहे,” बाबा म्हणाले. “पण मला सांग, बिलाचा राग टेबलाशी बसल्यामुळे आला होता का? तो घराघरांत होताच. तिथे नुसता दिसला. आणि वीज कायद्यात तर २००३ पासून लिहूनच ठेवले आहे, की प्रत्येक वितरण कंपनीने ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच ठेवलाच पाहिजे, आणि दर ठरवण्याआधी आयोगाने लोकांच्या हरकती विचारात घेतल्या पाहिजेत. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. ग्राहक कुठेतरी बोलणारच. आपल्यासमोर बोलतो की आपल्यामागे, एवढेच आपल्या हाती.”

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “बाबा, पत्रे गेल्याचे मी कुणाला सांगितलेले नाही.”

खोलीत क्षणभर शांतता पसरली. सूनबाई पाण्याचे तांबे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात उभ्या राहिल्या.

“मग भीती लोकांची नाही तुला,” बाबा म्हणाले. “भीती त्या वाक्याची आहे.”

शनिवारी संध्याकाळी कार्यालयातली टेबले भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या. दोनशे जणांना कळवले होते, आले तेवीस. गृहस्थांनी झाले ते सगळे सांगितले: वीज, उष्णता, डिस्क, दोनची वेळ, आणि गेलेली पत्रे. आपण वेगवेगळी कारणे सांगितली हेही सांगितले. भाड्याची सूट ओरडणाऱ्यालाच नव्हे तर सर्वांना सारखी मिळेल, असे जाहीर केले.

निर्यातदार उठले. त्या दिवशी त्यांची एक मागणी येणार होती. ती आलीच नाही, असे समजून ते स्वस्थ बसले होते. “हे मला दुसऱ्याच दिवशी सांगितले असतेस, तर मी फोन करून विचारले असते,” एवढेच ते म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी आपले काम दुसरीकडे नेले. एका शिकवणी वर्गानेही नेले. भागीदार बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलत होता.

बाकीचे मात्र बसले. दंतवैद्यांनी विचारले, प्रत दिवसातून एकदाच का? दर सहा तासांनी का नाही? साडीवाले म्हणाले, त्यांच्या दुकानात गरमी वाढली की घंटा वाजते, तशी इथे का नको? दोन्ही गोष्टींना फार खर्च नव्हता. दोनशे फोन घेऊनही त्या सुचल्या नव्हत्या, कारण फोनवर माणूस फक्त स्वतःपुरते विचारतो.

घरी आल्यावर बाबांनी तीन गोष्टी सांगितल्या. बोलवायचे तर उत्तर द्यायला मालकाने स्वतः बसावे. तेवढा वेळ नसेल तर सुरूच करू नये. ज्याच्या खात्याचा, पैशाचा खासगी प्रश्न असेल त्याच्याशी बाजूला बसून बोलावे, तो चारचौघांत आणू नये. आणि कबूल केलेले सगळे वहीत लिहावे.

ती वही आता कार्यालयात आहे, साधी, शंभर पानी. रेल्वे स्थानकावर तक्रार वही स्टेशन मास्तरांकडे मिळेल अशी पाटी असते, पण ती मागायला जाणारे किती? ही वही खुर्च्यांसमोरच्या टेबलावर उघडी असते. दर तीन महिन्यांनी बैठक होते, आणि तिची सुरुवात मागच्या वेळचे पान मोठ्याने वाचून होते.

मधल्या एका बैठकीत एक ओळ वाचताना गृहस्थ अडखळले. कबूल केलेले एक काम राहून गेले होते. मागच्या खुर्चीवर बाबा बसले होते. सगळ्यांच्या आधी त्यांनीच विचारले, “मागच्या पानावरचे हे झाले का?”

“नाही झाले,” चिरंजीवांनी सांगितले, आणि ती ओळ नव्या पानावर पुन्हा लिहिली.