ज्वाळेचा ताप

डिझेल वीज प्रकल्पाची चिमणी काळा धूर ओकू लागली की शेजारच्या वस्तीतून लगेच फोन येतो. नॉक्ससाठी, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी, कुणाचाच येत नाही. चिमणीतून निघतो तो बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड, त्याला रंग नाही. पुढे हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, उन्हात त्यातून ओझोन बनतो, आणि दमा उसळतो तो दूरच्या कुठल्या गावात. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या चिमणीवर मी कधी विसंबत नाही.

त्यातून नॉक्स हा चांगल्या ज्वलनातून जन्मतो. ज्वाळा साधारण 1500 अंश सेल्सियसच्या पुढे गेली की हवेतला एरवी निवांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी झपाट्यानं जोडला जाऊ लागतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी हे गणित गेल्या शतकाच्या चाळिशीतच मांडलं. इंधन वाचवायला ज्वाळा तापवावी, तर नॉक्स वाढतो. इंजेक्शनचं टायमिंग मागे घ्यावं, तर नॉक्स उतरतो, पण इंधन जास्त जळतं आणि काजळी धरते. मिलर पद्धतीत हवेची झडप लवकर मिटते, आत आलेली हवा प्रसरण पावून थंड होते. मला हा उपाय सर्वांत देखणा वाटतो, कारण रोग मुळाशीच रोखला जातो. इंधनात पाणी मिसळूनही ज्वाळा निवते. पण कडक मर्यादा गाठायची, तर शेवटी युरिया आणि कॅटॅलिस्ट लागतातच.

माल्टातल्या डेलिमारा इथली अठरा सिलिंडरची आठ इंजिनं 2012 साली फर्नेस ऑइलवर सुरू झाली ती कॅटॅलिस्टसहितच. युरियाच्या द्रावणातून अमोनिया सुटतो, कॅटॅलिस्टच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून जाताना तो नॉक्सला गाठतो, आणि उरतात नायट्रोजन अन् पाण्याची वाफ. नव्वद टक्के नॉक्स असा नाहीसा होऊ शकतो.

मात्र वायू तापलेला हवा. फर्नेस ऑइलमधल्या गंधकामुळे वायू सुमारे 300 अंशांखाली गेला की अमोनियाचे चिकट क्षार जाळीत साचू लागतात. नॉक्सचा आकडा वर सरकला म्हणून युरिया वाढवत गेलं, तर मीटर खूश होतो आणि न वापरलेला अमोनिया चिमणीतून निसटतो. हा निसटणारा अमोनिया मोजल्याशिवाय नॉक्सचा आकडा मी खरा धरत नाही. एक विष कमी करताना दुसरं हवेत सोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

लोड फार उतरला की वायू पुरेसा तापत नाही. म्हणून रात्री मागणी उतरली की माझा आग्रह एकच असतो: सहा इंजिनं अर्ध्या लोडवर रेंगाळत ठेवण्यापेक्षा दोन बंद करा, उरलेली चार पाऊण लोडवर चालवा. राखीव क्षमता कमी पडते म्हणून लोड डिस्पॅचवाले कुरकुरतात, त्यांची अडचण खरीच आहे. तरी मी वाद घालतो.