सगळ्यांना चालेल अशी उसळ

जानेवारी-फेब्रुवारीत ओटावातल्या घरांच्या खिडक्या उघडायची सोय नसते. बाहेर उणे वीस, कधी त्याहूनही खाली. अशा बंद घरात हिंग-लसणाची फोडणी पडली की वास बाहेर जात नाही. तो दाराजवळच्या कपाटातल्या जाड कोटांत शिरतो आणि सकाळी कोटासोबत ऑफिसात पोचतो. त्यात शेगडी विजेची, काचेच्या पृष्ठभागाखालची. आच कमी करायला बटण फिरवलं तरी काच लगेच निवत नाही. भारतातून आणलेला कुकर तेवढ्यात आणखी दोन शिट्ट्या करून मोकळा होतो आणि तुरीच्या डाळीचं पिवळं पाणी झाकणावरून ओघळतं. म्हणून माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत ओट्यावर विजेचा प्रेशर कुकर कायमचा मांडलेला असतो. तो आवाज करत नाही, वाफ आतच ठेवतो, आणि रात्री भिजवलेलं कडधान्य सकाळी त्याच्या हवाली करून बर्फ उपसायला बाहेर जाता येतं.

हे भांडं आमच्याच गावचं आहे, हे मी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो. शहराच्या पश्चिमेला कनाटा नावाचा भाग आहे. दूरसंचार उद्योगाच्या भरभराटीत देशोदेशीचे इंजिनिअर तिथे येऊन राहिले. त्यातली सर्वांत मोठी कंपनी नॉर्टेल. तिनं जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं आणि या शहरातली कितीतरी घरं हादरली. याच नॉर्टेलमध्ये पूर्वी काम केलेले, मूळचे चीनचे संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट वांग यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन ‘इन्स्टंट पॉट’ तयार केला. २०१० मध्ये तो बाजारात आला. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलं शाळेतून भुकेली आलेली, आता पटकन काय शिजवायचं, असा त्यांच्या घरचा प्रश्न होता. परदेशात संसार मांडलेल्या प्रत्येक घराचा हाच प्रश्न असतो, म्हणून मला हे भांडं आपलं वाटतं.

माझी मुलगी विद्यापीठात गेल्यावर व्हीगन झाली. मांस-मासे-अंडी सुटली, पाठोपाठ दूध, दही, तूप आणि मधही. दुधासाठी वासराला गाईपासून तोडणं तिला मान्य नाही. तिचं म्हणणं मी नीट ऐकलं आणि मला ते पटलं. मी स्वतः पूर्ण व्हीगन नाही. पण घरातलं रात्रीचं जेवण सगळ्यांसाठी तेच, असं आम्ही ठरवलं. एकाच टेबलावर एकीचं ताट वेगळं, हे मला बघवत नाही.

आम्ही मालवणकडचे. घरात ताटात मासा नाही तो दिवस सोमवारचा, नाहीतर श्रावणातला. पण त्या श्रावणानंच मला वाट दाखवली. काळ्या वाटाण्याची आमटी, वालाचं बिरडं, मटकीची उसळ, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, अळूचं फदफदं, सोलकढी. यातल्या एकाही पदार्थाला दुधाची गरज नाही. स्निग्धपणा नारळातून येतो, आंबटपणा आमसुलातून, दाटपणा वाटपातून. कोकणातल्या बायकांनी हा सगळा स्वयंपाक कुणाच्याही सिद्धान्तासाठी केलेला नव्हता. परसात नारळ होता, कोकम होतं, दुभती गाय प्रत्येकाच्या दारी नव्हती. म्हणून इथल्या दुकानांतलं व्हीगन चीज आणि मटाराच्या प्रथिनाचे नकली कबाब मी फारसे आणत नाही. महाग असतात, आणि आपल्याकडे अस्सल माल असताना नकलेच्या मागे जायचं कारण मला दिसत नाही.

अडलं ते फक्त तुपापाशी. गरम वरणभातावर तूप नाही हे आमच्या पिढीला सोसणं कठीण आहे, आणि त्याची जागा घेईल असा पदार्थ बाजारात मिळतो असं मी म्हणणार नाही. आम्ही वरणच बदललं. तुरीची डाळ हळद-हिंग घालून शिजवायची, चांगली घोटायची, वर खोबरेल तेलात जिरं, कढीपत्ता आणि हिरवी मिरची तडतडवून ओतायची, आणि मूठभर ओलं खोबरं. हे तूप घातलेलं वरण नाही. ते वेगळं आहे, आणि पानात मागून घ्यावं इतकं चांगलं आहे.

आता काळ्या वाटाण्याची आमटी. विजेच्या कुकरावर माझा विश्वास बसला तो हिच्यामुळे. वाटाणे रात्रभर भिजवायचे, भिजवणीच्या पाण्यात चमचाभर मीठ. मिठानं साल मऊ होतं, फुटत नाही. सकाळी पाणी बदलून वाटाण्यांवर बोटभर राहील एवढं नवं पाणी घालायचं. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, कारण कडधान्य फुगतं आणि फेस झडपेत अडकतो. माझ्या कुकरात जास्त दाबावर पंचवीस मिनिटं लागतात. इथेच बरीच मराठी माणसं वैतागतात, कारण आईनं सांगितलेलं शिट्ट्यांचं गणित इथे लागू पडत नाही. आपल्या हॉकिन्स किंवा प्रेस्टिज कुकरात दर चौरस इंचाला साधारण १५ पौंडांचा दाब असतो आणि पाणी १२१ अंशांच्या आसपास उकळतं. विजेचा कुकर १० ते ११.६ पौंडांवर थांबतो, म्हणजे आतलं तापमान पाच-सहा अंशांनी कमी. म्हणून थोडा जास्त वेळ द्यायचा. बिघाड काही नसतो.

वेळ संपल्यावर झडप लगेच उघडायची नाही. दाब आपोआप उतरू द्यायचा, पंधरा-वीस मिनिटं. एकदम वाफ सोडली की आतलं पाणी खळाखळा उकळतं, वाटाणे फुटतात आणि झडपेतून करडा फेस उडतो. तेवढ्या वेळात वाटप होतं: उभा चिरलेला कांदा आणि सुकं खोबरं थेंबभर तेलात अगदी गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचं, त्यात धणे, चार मिरी, दोन लवंगा. त्यातच शिजलेल्या वाटाण्यांचा एक डाव घालून बारीक वाटायचं, म्हणजे आमटी मिळून येते. मग झाकण काढून परतायचं बटण दाबायचं, वाटप आणि मालवणी मसाला घालून उकळी आणायची. आमसूल शेवटी. आंबट आधी पडलं तर कडधान्य तासभर दाबाखाली ठेवलं तरी कडकच राहतं, गुळाचंही तेच. आमच्या घरातल्या बायका हे पूर्वापार सांगत आल्या आहेत, आणि त्यामागचं रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे: आम्लामुळे पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही.

फोडणी याच भांड्यात दिली असेल तर पाणी घालून तळ उलथन्यानं खरवडून घ्यावा. मसाला तळाला चिकटला की यंत्र तळ करपल्याचा इशारा देऊन थांबतं. झाकणाच्या सिलिकॉनच्या कड्याला गोड्या मसाल्याचा वास कायमचा बसतो, म्हणून खिरीसाठी आणि पुरणासाठी दुसरं कडं ठेवावं. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते: राजमा कधीही मंद आचेच्या कार्यक्रमावर लावू नये. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते नीट उकळल्यावरच नष्ट होतं. मंद आचेवर पाणी तेवढं तापत नाही, आणि उलट्या-जुलाबांची पाळी येते. दाबाखाली शिजवलेला राजमा निर्धास्त खावा.

या भांड्यावर दह्याचंही बटण आहे. आमच्या घरी आता दही लागत नाही, पण ते बटण सबंध हिवाळाभर चालू असतं. तांदूळ आणि उडदाचं आंबोळीचं पीठ ओटावातल्या ओट्यावर दोन दिवस ठेवलं तरी हलत नाही. दह्याच्या उबेत ते रात्रीत फसफसून वर येतं. झाकण मात्र काचेचं, साधं ठेवायचं, कारण पीठ चढलं तर झडप बुजते. काळ्या वाटाण्याची आमटी आणि जाळीदार आंबोळी, बाहेर कमरेइतका बर्फ. या जेवणाला काहीतरी कमी आहे असं कुणी म्हणावं!

मुलीसाठी म्हणून सुरू झालेला हा स्वयंपाक घराबाहेर पडला तेव्हा मला त्याची खरी ताकद कळली. आमच्या ऑफिसात वर्षातून काही वेळा प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा असतो. माझ्या गटात सोमाली आहेत, लेबनीज आहेत, फ्रेंच बोलणारे क्युबेकचे आहेत, एक इथिओपियन बाई आहेत, एक तमिळ शाकाहारी आहेत. कुणाला हलाल लागतं, कुणाला दूध पचत नाही, कुणाचा लेंट चालू असतो. टेबलावर दहा-बारा पदार्थ असतात आणि प्रत्येक जण वाकून विचारतो, यात काय आहे. मी मटकीची उसळ नेतो. मोड आलेली मटकी जेमतेम दोन मिनिटांच्या दाबावर शिजते, आख्खी राहते. वर कांदा, कोथिंबीर, खोबरं, लिंबू. तिच्यापाशी कुणालाच हात आखडता घ्यावा लागत नाही. फक्त एका जैन मैत्रिणीसाठी कांदा-लसणाशिवायचा वेगळा डबा भरावा लागतो, तो मी आनंदानं भरतो. परक्या शहरात पंगत मांडायची असेल तर तिच्यात सगळ्यांना मावेल असं अन्न हेच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. व्हीगन जेवण म्हणजे काय काय खायचं नाही याची यादी, असं लोक समजतात. मी त्या टेबलावर उलटं पाहिलं आहे.

त्या इथिओपियन बाईंनी मला एकदा शिरो दिला. कडधान्याच्या पिठाचा, तिखट, रटरटणारा. आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ. त्यांचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या लांब उपवासात मांस, दूध, अंडी काहीच घेत नाहीत. लेबनीज मित्राच्या घरी मसूर-तांदळाचा मुजद्दरा होतो, वर कुरकुरीत तळलेला कांदा. म्हणजे श्रावण त्यांच्याकडेही आहे, फक्त महिने वेगळे. आता आमची आपसात पाककृतींची देवाणघेवाण चालते, आणि तिघांच्याही ओट्यावर कुकर तोच आहे.

मसूरही याच देशातला आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. १९७० च्या दशकात सस्कॅचेवान प्रांतातल्या प्रेअरीवर मुख्यतः गहू पिकत असे. सस्कॅचेवान विद्यापीठातले अल स्लिंकर्ड यांनी तिथल्या हवामानात टिकणाऱ्या मसुराच्या जातींवर काम केलं. ‘लेअर्ड’ ही त्यांची जात १९७८ मध्ये आली आणि शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. आज मसुराच्या निर्यातीत कॅनडा जगात आघाडीवर आहे आणि भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक आहे. सांगलीतल्या एखाद्या घरच्या आमटीत सस्कॅचेवानचा मसूर असू शकतो. मी दुकानातून पिशवी उचलतो तेव्हा मला या गोष्टीचा आनंद होतो. २०१९ च्या जानेवारीत कॅनडा सरकारनं आपला आहार-मार्गदर्शक बदलला. दुधाचा वेगळा गट काढून टाकला आणि प्रथिनांसाठी वनस्पतींना पसंती द्या असं सांगितलं. आपल्या आज्यांच्या ताटाला त्यामुळे सरकारी मोहोर मिळाली म्हणायची. एक पथ्य मात्र सांभाळावं: बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते मिसळलेलं सोयादूध घ्यावं किंवा डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. मुलगी ती घेते, यात हयगय नाही.

माझं एक मागणं इथल्या मराठी मंडळींपुढे आहे. आपल्या कार्यक्रमांत व्हीगन मुलांसाठी कोपऱ्यात एक वेगळं टेबल असतं, त्यावर सॅलड आणि पाव. ही मुलं इथेच वाढली, मराठी जेमतेम बोलतात, तरीही गणपतीला हौसेनं येतात. त्यांना सॅलडवर बसवू नये. अख्खा स्वयंपाकच त्यांना चालेल असा करावा आणि तुपाची वाटी, दह्याचं भांडं शेवटी वेगळं ठेवावं. ज्याला हवं त्यानं वाढून घ्यावं. उकडीच्या मोदकाला तरी काय लागतं? तांदळाची पिठी, ओलं खोबरं, गूळ, वेलची. उकड मळताना हाताला तुपाऐवजी खोबरेल लावलं की झालं. कुकरात तळाला पेलाभर पाणी, वर जाळी, जाळीवर केळीचं किंवा हळदीचं पान. इथे ही पानं गोठवलेली मिळतात. वाफेचा कार्यक्रम लावून झडप उघडी ठेवायची. झडप उघडी असताना यंत्र वेळ मोजत नाही, तेव्हा हातातलं घड्याळ लावून बारा मिनिटं धरायची. येत्या गणपतीला माझा कुकर मंडळाच्या स्वयंपाकघरात असेल. आणखी चार जणांनी आपापले आणले तर दुपारच्या आरतीआधी सगळ्या मंडळींचे मोदक होतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी आदल्या रात्री खोबरं खवून ठेवावं.