खांद्यावरचा हात

सण येतात-जातात, निवडणुका पाच वर्षांनी येतात, पण आमच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन गोष्टी बारमाही चालतात: वाढदिवस आणि श्रद्धांजली. दोन्हींना फोटो लागतो आणि दोन्हींचा फोटो शेवटच्या क्षणी येतो. व्हॉट्सअॅपवरून, चार ठिकाणी फॉरवर्ड होऊन, फाटका-तुटका.

सुरुवातीची तीन वर्षं मी हे सगळं माउसवर केलं. कटिंग म्हणजे फोटोतला माणूस मागच्या भिंतीतून, झाडातून, गर्दीतून वेगळा काढणं. माउसने केस कापताना हेल्मेट घातल्यासारखी कड यायची. संध्याकाळपर्यंत मनगट ठणकायला लागायचं. शेवटी दिवाळीच्या पैशांतून एक साधा पेन टॅबलेट घेतला. काम करायची जागा ६ बाय ४ इंच, म्हणजे शाळेच्या वहीच्या अर्ध्या पानापेक्षाही कमी.

पहिला आठवडा वाईट गेला. हात टेबलावर आणि डोळे स्क्रीनवर. लहानपणापासून आपण जिथे लिहितो तिथे बघतो, आणि इथे नेमकं तिथेच बघायचं नसतं. शिवाय माउस उचलून पुन्हा कुठेही ठेवला तरी बाण होता तिथेच राहतो. पेनचं तसं नाही. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा डावा वरचा कोपरा, कायमचा. मी गोल काढायचो तर अंडं व्हायचं. पाटीची आणि स्क्रीनची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात नव्हती, हे चौथ्या दिवशी कळलं. सेटिंगमध्ये एक टिक केली आणि गोल गोल आला.

पेनमध्ये ना बॅटरी ना वायर, याचं मला फार नवल वाटायचं. खालच्या पाटीत तारांचं जाळं असतं. त्यातून निघणाऱ्या चुंबकीय लहरींवरच पेनमधलं वेटोळं जागं होतं आणि उलट उत्तर देतं. त्या उत्तरावरून पाटीला कळतं, टोक कुठे आहे आणि किती दाबलंय. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनने १९६४ साली अशी तारांची पाटी बनवली होती, १० इंच चौरस. माझ्या पेनला दाबाच्या ८१९२ पायऱ्या कळतात असं खोक्यावर लिहिलंय. मला स्वतःला चार-पाचच कळतात. पण त्या चार-पाचांवर पोट चालतं. हलकं टेकवलं की धूसर, दाबलं की गडद. केस कापायचे नसतात, एकेक काढायचे असतात, हे या पेनने शिकवलं.

आणि गोरं करणंही. वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्सबरोबर ठरलेलं वाक्य येतं, 'चेहरा जरा उजळ घ्या.' डाग, वण, डोळ्यांखालचं काळं, हनुवटीखालचं मांस, सगळं जातं. दिवसाला दहा चेहरे केले की हात आपोआप चालतो. समोर कोण आहे हे बघावंही लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला माझ्या मित्राचा मोठा भाऊ दुकानात आला. मित्र दुपारीच गेला होता. हायवेला, गाडीवरून. मी हॉस्पिटलमधून येऊन शटर उघडून नुसता बसलो होतो.

"सकाळी नऊपर्यंत चौकात लागला पाहिजे. १० बाय ८," भाऊ म्हणाला. "फोटो तूच बघ. तुझ्याकडेच चांगला असेल."

होता. त्याच्या बहिणीच्या लग्नातला. चौकडीचा शर्ट, तोंडभर हसू. शेजारी मी, आणि माझा हात त्याच्या डाव्या खांद्यावर.

मी कामाला लागलो. आधी चेहरा झूम केला. त्याच्या भुवईत लहानपणची खोक होती, विहिरीत सूर मारताना लागलेली. मी काही ठरवायच्या आत पेन तिथे टेकलं आणि हीलिंग ब्रशने खोक भरून निघाली. पाहिलं तर समोर कुणीतरी दुसराच. कंट्रोल झेड. खोक परत आली. मग मी चेहऱ्याला हातच लावला नाही.

राहिला खांदा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर दुसऱ्याचा हात चालत नाही. उजव्या खांद्याचा तुकडा कॉपी केला, उलटा फिरवला, डाव्यावर बसवला. उजेड एका बाजूने होता म्हणून हलक्या दाबाने सावली दिली. कॉलरजवळ चौकडीच्या रेघा जुळेनात. डावा हात ऑल्ट की-वर, उजव्यात पेन, एकेक रेघ क्लोन स्टॅम्पने ओढत आणली. पहिल्यांदा करंगळी गेली. मग बाकीची बोटं. अंगठा सगळ्यात शेवटी. माझाच हात मीच पुसत होतो, आणि काम इतकं बारीक होतं की रडायला सवड नव्हती. पेनला थरथर लगेच कळते.

कॉलर मात्र माझ्या हाताच्या वजनाने एका बाजूला ओढली गेली होती. सरळ करणं दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. पावणेपाचला फाइल प्रिंटला टाकली.

फ्लेक्स चौकात तेरा दिवस होता. कुणाला काही दिसलं नाही. 'फोटो एकदम झकास निघालाय,' असं दोघातिघांनी मला सांगितलं.

महिन्याभराने त्याच्या बहिणीचा मेसेज आला. "दादा, फ्लेक्सवरच्या फोटोत कॉलर ओढल्यासारखी दिसतेय. शेजारी कुणीतरी होतं ना?"

मी 'हो' लिहिलं.

"मग तो अख्खा फोटो पाठव ना. आईला तोच लावायचाय."

मी फाइल उघडली. वरच्या लेयरचा डोळा बंद केला. हात होता तिथेच होता. सेव्ह केला आणि पाठवला.